कोपऱ्यातला चौसष्टावा

"आत्याबाई, सही तेवढी करून टाका ना. गाडी चारला लागतेय."

साहेब तिसऱ्यांदा येऊन सांगून गेले तेव्हा सव्वादहा वाजले होते. कागद माझ्या पुढ्यात होता, पेन हातात होतं. खोटं कशाला बोलू, मी सही करणारच होते. चार हजार चिपा, सगळ्या पास, खाली वगळलेल्या गोष्टींच्या रकान्यात 'एक' असं लिहिलेलं. त्या 'एक'वर तीन आठवड्यांपूर्वी मीच शिक्का मारला होता. तेवढ्यात चिपा तपासणारं टेस्टर मशीन चालवणारे दादा काचेचं दार ढकलून आत आले. मनगटाचा, स्थिर विजेपासून चिप वाचवणारा पट्टा काढायचाही राहिला होता, त्याची वायर मागे लोंबत होती.

"आत्याबाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावेन की नाही ते ऐकल्यावर ठरेल. बोला."

मला या मजल्यावर सगळे आत्याबाई म्हणतात. मी कुणाचीच आत्या नाही; मला भाऊच नाही. पूर्वी मीटिंगमध्ये मी फार प्रश्न विचारायचे. अमुक झालं तर? तमुक बंद पडलं तर? दोन्ही एकदम झालं तर? शेवटी तेव्हाचे मोठे साहेब वैतागून म्हणाले, "अहो बाई, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मला वाईट नाही वाटलं. तपासणीच्या खात्यात आत्याबाईच्या मिशांचाच विचार करायचा असतो.

दादा म्हणाले, "आज सोमवार. सकाळी नेहमीचा तुकडा लावला मशीनला."

दर सोमवारी टेस्टर स्वतः ठीक आहे का हे बघायला आम्ही एक जुनी, खात्रीची चिप लावतो. तिला सोमवारचा तुकडा म्हणतात.

"मग? आला ना बरोबर?"

"आला. पण त्याचा जो आकडा येतो ना, तोच आकडा नव्या मालातल्या कोपऱ्याचा येतोय. तो, जो आपण सोडून दिलाय."

"येणारच. कोपरा जुन्याच नकाशाचा आहे." चिपेच्या आराखड्याला आम्ही नकाशा म्हणतो.

"हां, ते मला सांगितलंय सगळ्यांनी. गेल्या सोमवारीही दिसलं होतं, पण म्हटलं आपण काय इंजिनियर नाही, उगाच कशाला तोंड घाला." दादांनी टोपी सारखी केली. "पण नवा नकाशा आला तेव्हा नकाशावाले म्हणाले होते, वीज कमी खातो, बाकी वागणूक तीच. वागणूक तीच, तर आकडा वेगळा का यावा?"

एवढा साधा प्रश्न. तो मी विचारायचा होता. सगळ्या जगाला 'असं झालं तर, तसं झालं तर' म्हणून भंडावून सोडणाऱ्या बाईने नेमका हाच विचारला नव्हता.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या चिपवर चौसष्ट छोटे संगणक एकाच वेळी काम करतात, आठ ओळींत आठ-आठ. प्रत्येकाच्या दाराशी एक राउटर. राउटर म्हणजे चौकातला हवालदार. आलेला निरोप कुठल्या रस्त्याने पुढे सोडायचा ते बघतो. त्याला पाच तोंडं. चार शेजाऱ्यांकडे आणि एक घरच्या संगणकाकडे. कडेच्यांना शेजारी कमी, पण तोंडं पाचच. राउटर धड नसेल तर संगणक कितीही हुशार असो, त्याचा निरोप पोचत नाही. म्हणून चिपच्या पोटातच तपासणी बसवलेली असते. वीज दिली की चौसष्ट राउटर एकदम आपली परीक्षा देतात आणि प्रत्येकाच्या उत्तराची गोळाबेरीज होऊन एक आकडा निघतो.

पूर्वी बरोबर आकडा चिपमध्येच साठवलेला असायचा, उत्तरपत्रिकेसारखा. ती जागा खायची, आणि राउटरांना एकेक करून तपासावं लागायचं. एका चिपला चाळीस सेकंद. नऊ वर्षांपूर्वी मी म्हटलं, अहो, चौसष्टही राउटर एकाच नकाशाचे ना? मग सगळ्यांना एकदम एकच पेपर द्या आणि उत्तरं एकमेकांशी ताडून बघा. ज्याचं वेगळं तो बिघडलेला. उत्तरपत्रिका हवी कशाला? चाळीस सेकंदांचे तीन झाले. तेव्हापासून या इमारतीत तिला 'आत्याबाई पद्धत' म्हणतात. मी चारचौघींसारखी बाई. पदवीही साधीच, तीही दुसऱ्या फटक्यात मिळालेली. आयुष्यात माझं म्हणून काही असेल तर ही एक पद्धत. नव्या मुलांना शिकवतात ती. मी ऐकत नाही असं दाखवत शेजारून जाते आणि सगळं ऐकते.

मग हा नवा माल आला. त्रेसष्ट राउटर नव्या नकाशाचे. कोपऱ्यातल्या चौसष्टाव्याचं एक तोंड बाहेरच्या जगाकडे जोडलेलं, म्हणून तो वेगळा काढलेला असतो. तो राहून गेला जुनाच. प्रत्येक चिपमध्ये त्रेसष्ट एक म्हणायचे आणि हा एकटा दुसरं. पहिला लॉट निघाला त्या दिवशी पद्धत बघायला पाहुणे यायचे होते. पडद्यावर सगळं हिरवं दिसायला हवं होतं आणि हा एक लाल ठिपका. मी म्हटलं, तो नेहमीचा आडमुठा, वगळा त्याला. हौस, दुसरं काय. दुसऱ्याचं कुसळ दिसतं, स्वतःचं मुसळ दिसत नाही. त्यानंतर दोन लॉट गेले. आठ हजार चिपा.

"दादा," मी म्हटलं, "मला उघडं वाचन करायचंय. गोळाबेरीज नको. राउटरमध्ये काय घातलं आणि बाहेर काय आलं, एकेक बघायचंय."

"मशीन थांबवावं लागेल."

"साहेबांना विचारते."

साहेब माझ्याच हाताखाली शिकलेला. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणते, खोलीत दोघंच असलो की तू. वाईट माणूस नाही. भित्रा आहे, पण चांगली माणसं पुष्कळदा भित्री असतात. त्याने ऐकून घेतलं आणि डोकं धरलं.

"आत्याबाई, त्रेसष्ट एक सांगतात, एक वेगळं सांगतो. चूक कोण? हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"शिकवलं. चुकीचं शिकवलं असेल तर?"

"झालं सुरू तुमचं!" तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "मशीन थांबणार नाही. पुढच्या लॉटच्या पाचशे चिपा आज व्हायच्यात. सगळं धड चाललंय, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"जेवणाच्या सुट्टीत?"

"त्या अर्ध्या तासात काय करायचं ते करा. आणि साडेतीनला सही."

राउटर एकेक करून तपासायचा नऊ वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम मी टाकून दिला नव्हता. का, ते विचारू नका. मी दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवणारी बाई. पण तो जुन्या चिपेसाठी लिहिलेला. नव्या चिपेचे पाय, म्हणजे जोडणीच्या पिना, वेगळ्या जागी. दोन तास मी पाय जुळवत बसले. डोक्यात एकच घोळत होतं. ही चिप जाते रुग्णालयातल्या यंत्रात. एक यंत्र अख्ख्या वॉर्डातल्या खाटांवर लक्ष ठेवतं, नाडी, श्वास, सगळं. काही बिनसलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. तो घंटेचा निरोप आमच्या राउटरांमधून जातो.

एक वाजला. सगळे जेवायला गेले. दादा गेले नाहीत.

"जेवून घ्या तुम्ही," मी म्हटलं.

"मशीनला कोण हात लावणार? तुम्ही? मागच्या वेळी तुम्ही ट्रे उलटा घातला होतात."

पहिल्यांदा चालवलं आणि पडद्यावर नुसती शून्यं. एक पाय चुकला होता. तो शोधण्यात बारा मिनिटं गेली. मधेच फोन वाजला. आमचे हे. दुपारी एकला फोन करायचा, हा यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

"डबा खाल्लास का?"

"डबा कसला खातेय! इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय."

"काय झालं?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. यांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. चिपेतलं काही कळत नाही, पण बिघाड कळतो.

"तू चुकलीयस का?"

"अजून माहीत नाही. बहुतेक हो."

"आम्ही एकदा जरी लिफ्ट अडकली ना, तर 'बंद आहे' म्हणून पाटी लावायचो. सहाव्या मजल्याचे लोक आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. पण जिने चढायचे. कुणी मेलं नाही जिने चढून." मग म्हणाले, "उशीर होणार असेल तर सांग, कुकर उशिरा लावतो."

मी फोन ठेवला. सुट्टी संपायला नऊ मिनिटं होती.

"आधी सोमवारचा तुकडा लावा," मी दादांना म्हटलं. "माझाच प्रोग्रॅम गंडलेला नको."

जुन्या चिपेतल्या एका राउटरच्या पाचही तोंडांतून एकाच क्षणी पाच पॅकेटं, म्हणजे पाच निरोप, आत सोडली. पाचांनाही एकाच दाराने बाहेर पडायचं. चार रांगेत थांबतात, एक जातं, मग दुसरं, मग तिसरं. दादा मोठ्याने मोजत होते.

"एक. दोन. तीन. चार. पाच. आली पाचही."

"आता नवी चिप. कोपऱ्यातला."

"एक. दोन. तीन. चार. पाच."

"त्याच्या शेजारचा."

"एक. दोन. तीन. चार." दादा थांबले. पडद्याकडे वाकून बघितलं. "चारच."

"परत चालवा."

"चार."

"त्याच्या पुढचा."

"चार. आत्याबाई, याचीही चार. याचीही. पाचवं कुठे जातंय?"

"कुठे नाही जात," मी म्हटलं. "रांगेत शेवटचं राहतं आणि पुसलं जातं."

चार पॅकेटं एकदम आली तर काही होत नाही. तीन आली, दोन आली तर मुळीच नाही. पाचही तोंडांतून एकाच क्षणी आली, की पाचवं गेलं. एकाच ठशाने त्रेसष्ट राउटर उठवले, ठशात खोट, म्हणून त्रेसष्टही एकसारखे खोटे. आणि एकसारखे म्हणून पास. माझ्या पद्धतीने त्यांना पास केलं, आणि जो एकटा खरं सांगत होता त्याला मी स्वतःच्या हाताने वगळलं. मला तिथल्या तिथे रडू आलं. दादांनी तोंड फिरवून ट्रे पुसायला घेतला. स्वच्छच होता तो.

लोक जेवून परत येऊ लागले. दादा म्हणाले, "मशीन सुरू करू?"

"नको. माझं नाव सांगा, आत्याबाईंनी थांबवलं म्हणून."

दहा मिनिटांत साहेब धावत आला. मागे दार लावून घेतलं. मी पडदा दाखवला, तीनदा चालवून दाखवलं. खाली गाडी मागे घेताना वाजते ती शिट्टी ऐकू येत होती. लवकर आली होती, दोन वाजायच्या आत.

"पाच एकदम," तो शेवटी म्हणाला. "एकाच क्षणी. आत्याबाई, हे दहा वर्षांत एकदा होईल. हा लॉट जाऊ दे. पुढच्या लॉटआधी नकाशा बदलून घेऊ, मी स्वतः मागे लागतो. तुमचं नावही मधे येणार नाही."

"पाचही बाजूंनी एकदम निरोप कधी येतात?"

"क्वचित."

"कधी, ते विचारतेय मी. वॉर्डात सगळं शांत असतं तेव्हा येतात का? एकाच वेळी चार-पाच खाटांवर काहीतरी होतं तेव्हा येतात. वीज जाऊन येते तेव्हा. प्राणवायूचा नळ बिघडतो तेव्हा. पाचव्याची घंटा वाजणार नाही, आणि वाजली नाही हे कुणाला कळणारही नाही. मरेल तो मुकाट्याने."

"असं बोलू नका."

"मग कसं बोलू?"

त्याने टेबलावरचा कागद पुढे ओढला. "तुम्ही करत नसाल तर मी सही करू शकतो. खातेप्रमुख म्हणून. नियमात बसतं." त्याने पेन उचललं.

"कर," मी म्हटलं. "सही कुठे करायची ते तुला मीच दाखवलंय. पहिल्या वर्षी चुकीच्या रकान्यात करायचास."

"आत्याबाई, तुम्हाला कळतंय का, हे वर गेलं तर काय होईल? लोक विचारतील पद्धत कुणाची. आत्तापर्यंत नऊ वर्षांत जे जे पास झालं, सगळं पुन्हा उकरतील. निवृत्तीला सहा महिने राहिलेत तुमच्या. लोक हार घालायचा सोडून..."

"हार नको मला. मला सांग, तुझ्याजवळ दुसरा उपाय आहे का? असेल तर मी आनंदाने गप्प बसते. मलाच जास्त हवंय ते."

तो पेनकडे बघत राहिला. बाहेर दादा मशीनला पाठ लावून उभे होते. कुणी विचारायला आलं तर दोन्ही हात आडवे करून परत पाठवत होते. मग साहेबाने पेन खाली ठेवलं आणि तोंडावरून हात फिरवला.

"गाडीला परत पाठवतो मी. तेवढं करतो. पण आधीच्या आठ हजार... तो फोन माझ्याच्याने नाही होणार."

"मी करते."

ज्यांना आम्ही चिपा देतो त्या कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंना मी फोन लावला. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. वर्षभर नुसत्या कागदांवर एकमेकींच्या सह्या बघतो. आवाज तरुण होता. मी सगळं सांगितलं. मधे काही विचारलं नाही त्यांनी, फक्त लिहून घेत असल्याचा आवाज येत होता.

"पहिल्या लॉटमधली चाळीस यंत्रं परवाच बसवली," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"नवजात बाळांच्या कक्षात. दोन रुग्णालयं आहेत."

मी टेबलाचा काठ धरला. "बाई, यंत्रावर अवलंबून राहू नका म्हणावं त्यांना. प्रत्येक खाटेपाशी माणूस उभा करायला सांगा. आत्ता. जुनी यंत्रं असतील तर ती परत लावा."

"फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. साहेब खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. दादा आत आले आणि दाराशी उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि तेवढंच बघत राहिले. पाच मिनिटं. सात. पलीकडून लांबवर कुणीतरी जोरजोरात बोलत असल्याचं ऐकू यायचं, मग दार बंद व्हायचं. नवव्या मिनिटाला त्या परत आल्या. धाप लागली होती.

"दोन्हीकडे बोलले. एका ठिकाणी जुनी यंत्रं अजून वॉर्डातच होती, ती लावतायत. दुसरीकडे प्रत्येक पाळण्यापाशी नर्स उभी केलीय. बाळं ठीक आहेत. सगळी ठीक आहेत."

मी "बरं" म्हटलं. दादांनी हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांना माहीत.

"आता मला रिपोर्ट लिहावा लागेल," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. कठोर नव्हता, कामाचा झाला होता. "ते दोन लॉट पास कुणी केले?"

साहेबाने मान वर केली आणि माझ्याकडे बघून बोट हलवलं. खातं म्हणा, असं ओठांनी सांगितलं. तपासणी खातं म्हणा.

"मी," मी म्हटलं.

"कोपऱ्यातला राउटर वगळायचं कुणी ठरवलं?"

"मीच."

"आणि ही शेजाऱ्याशी ताडून बघायची पद्धत? ती कुणाची?"

"तीही माझी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"पूर्ण नाव लागेल मला. सावकाश सांगा, लिहून घेते."

मी सावकाश सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबले.